झुकतं माप

बंडूजीच्या काट्याबद्दल अल्लीपूरच्या बाजारात दुमत नव्हतं. वांगी असोत की अंबाडी, पारडं बरोबरीला आलं की हा बाबा वरून एक मूठ टाकणारच. बायको यशोदाबाई करवादायची, "दान कराले बसले का तुम्ही?" तो नुसता हसायचा. तेवढ्या एका गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि गरिबाला एखादा गर्व असू द्यावा.

महाशिवरात्रीच्या आधी पोलीस आले. गुरांच्या कोठ्यात पोत्याखाली गांजा सापडला. खोटं कशाला बोला, होताच तो. भजनी मंडळाची चिलीम दरवर्षी त्यावरच पेटायची. पण त्या दिवशी मंडळातला एकही पुढं आला नाही. अध्यक्ष महादेवराव तर पंच म्हणून सही ठोकून मोकळे झाले.

तोलायला पोलिसांनी घरातलाच काटा मागितला. जमादाराला दांडी धरता येईना.

"द्या इकडं, साहेब," बंडूजी म्हणाला, "तुमच्यानं नाई होत ते."

एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात गांजा. पारडी बरोबरीला आली. आणि जन्माच्या सवयीनं बंडूजीनं खाली सांडलेल्या मूठभर पाला-काड्या उचलून वर टाकल्या. पारडं झुकलं. जमादारानं बारकी वजनं टाकून किलोच्या वरचा आकडा लिहिला. यशोदाबाई तिथंच उभी होती. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

जामीन फेटाळला गेला तेव्हा वर्ध्याच्या वकिलानं तिला समजावलं. किलोपर्यंतचा माल कायदा थोडका मानतो, शिक्षा फार तर वर्षाची. जामीनही मिळून गेला असता. किलोच्या वर गेलं की दहा वर्षांपर्यंत.

"कायदा बदला म्हणून मोठे लोक दिल्लीत बोलून राह्यले," वकील म्हणाले. "पण बंडूजीच्या कामाचं नाई ते, बाई."

एका मुठीवर माणसाचं आयुष्य तोलणाऱ्या कायद्याला आग लागो, असं तिला झालं.

तुरुंगात भेटीला ती सगळं सांगायचं ठरवूनच गेली. जाळीपलीकडे बंडूजी वाळून काडी झाला होता, पण तिला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"वकिलाले सांगजो, माप माह्या हातचं हाय. पोलिसायलेही म्या कमी नाई तोललं. असा इमानदार माणूस जज काऊन आत ठेवंल?"

ओठांवर आलेलं यशोदाबाईनं गिळलं.

"सांगीन," ती म्हणाली. "मग सोडतीनच तुमाले."