शिवणताईचं मत

"तुझं मत आम्ही धरूनच चाललोय बरं का," असं म्हणत औषधवाले काका इस्त्री केलेल्या सदऱ्यांच्या ढिगावर कोपर टेकून ऐसपैस बसले.

शिवणताईनं मशीन थांबवलं नाही. कॉलरच्या टोकाशी आलेली शिवण मध्येच सोडली की टोक बोथट निघतं. टोक पार करून, दोरा तोडून मगच तिनं मान वर केली.

"कसलं मत, काका?"

"कसलं म्हणजे? शाळेचं! तिघं त्या बाजूला, तिघं आपल्या बाजूला. सातवी तू."

सरकारनं नवं धोरण काढलं होतं. शाळेची इमारत सरकारची, खर्चाचा पैसाही सरकारचा, पण कारभार एखाद्या खाजगी संस्थेचा. शिक्षक कोण, वेळ काय, गणवेश कुठला, सगळं संस्था ठरवणार. फक्त त्याआधी शाळेच्या पालक समितीनं बहुमतानं हो म्हणायला हवं. समितीचे अध्यक्ष होते औषधवाले काका. त्यांचा नातू चौथीत होता, आणि हे अध्यक्षपद त्यांनी दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली रंगवून घेतलं होतं. संस्था आली की समिती जाणार आणि पाटी पुन्हा रंगवावी लागणार. काकांचा विरोध किती तत्त्वाचा आणि किती पाटीचा, हे काकांनाही सांगता आलं नसतं.

"मी अजून ठरवलं नाही," ती म्हणाली.

"तुला गं काय ठरवायचंय?" काका हसले. "संस्थेचा गणवेश त्यांच्या मुख्य कचेरीतून तयार येतो, पिशवीत घालून. तुझं तर पोटच आहे त्यात. तू नाही म्हणणार नाहीस तर कोण म्हणणार?"

"कोपर काढा काका, घडी मोडतेय."

काका गेले. तिनं सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो काही केल्या जाईना.

गंमत म्हणजे तिला नाहीच म्हणायचं होतं. काका यायच्या कितीतरी आधीपासून. चार वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली आणि भर वर्षात ते या गावात आले, तेव्हा लेकीला घेऊन ती तीन शाळांच्या पायऱ्या चढली होती. एका ठिकाणी दाखला नाही म्हणून, दुसरीकडे जागा नाही म्हणून, तिसरीकडे सरळ "पुढच्या वर्षी या" म्हणून. चौथी ही शाळा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपर्यंत ही लहानच राहणार आहे का? बसू दे वर्गात. कागद येतील मागनं." आणि पोरीच्या अंगावरचा फ्रॉक उलटून पालटून बघत त्यांनी विचारलं, "हा कुणी शिवला?" त्या दिवसापासून शाळेचे गणवेश तिच्याकडे आले. तिचं खरं नाव गावात कुणी विचारलंच नाही. ती शिवणताई झाली.

अशा शाळेला कुणी हात लावू नये, एवढं साधं तिचं म्हणणं. पण काकांच्या त्या एका वाक्यानं त्यात खडा पडला. आता हे तिचं म्हणणं होतं, की तिच्या मशीनचं?

जेवताना तिनं ते नवऱ्यासमोर मांडलं. नवरा बस चालवायचा. दिवसभर लोकांची भांडणं पाठीशी घेऊन पुढं बघत बसायची सवय, त्यामुळे घरातही तो कशानं दचकायचा नाही.

"मग म्हण ना नाही. पोट काय चोरीचं आहे?"

"तसं नाही हो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मलाच कळेनासं झालंय, आतून कोण बोलतंय ते."

"मग दोघांना वेगवेगळं बसवून विचार. पोलीस विचारतात तसं."

ती हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं.

"आई, आज मी दुसरीला वजाबाकी शिकवली," लेक मध्येच म्हणाली. लेक सहावीत होती. "एक मुलगा हातचा घ्यायला विसरला म्हणून रडायलाच लागला. मी गप्प केलं त्याला."

"वा, मास्तरीणबाई!" बापानं उष्ट्या हातानंच सलाम ठोकला. "पगार कधी देतात?"

लेक फुशारली. आईच्याही चेहऱ्यावर कौतुक मावेना. आख्ख्या शाळेतून बाईंनी हिलाच निवडलं होतं, असं ती गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत गेली. बाई कचेरीत एकट्याच, तुटक्या खिडकीला पुठ्ठा लावत होत्या.

"बाई, पुढच्या वर्षीपासून गणवेश मी शिवणार नाही."

बाईंच्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला. "का गं? पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून?"

"नाही."

"डोळ्यांना काही झालं?"

"नाही हो. मला मत द्यायचंय."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्या फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना समितीत मत नव्हतं, बैठकीचं इतिवृत्त लिहायचं तेवढं काम. संस्था आली की सरकारी शिक्षक सरकारात परत, म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे कुठंही. हे गावाला ठाऊक होतं, तरी बाईंच्या तोंडून आजवर चकार शब्द निघाला नव्हता.

"शाळा आहे तशीच राहिली तरी नाही शिवणार?"

"तरी नाही. नाहीतर सोडल्यासारखं काय झालं?"

"आणि घर?"

"पडदे शिवीन, अभ्रे शिवीन. लोक उघड्या खिडकीत थोडेच राहतात?"

"मी राहतेय," बाई पुठ्ठा दाबत म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

तेवढ्यात शिपाईमामांनी दारातून हाक मारली. तिसरीत दोघांची जुंपली होती. बाई तरातरा निघाल्या, ती मागोमाग. शाळेत एवढे वर्ग आणि शिक्षक बाईंना धरून तीन. विज्ञान शिकवणाऱ्या बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या त्या गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. बाईंनी तिसरीतल्या भांडखोरांना एकेका कोपऱ्यात उभं केलं, फळ्यावर पाच गणितं लिहिली, शेजारच्या वर्गात जाऊन अर्धा धडा वाचून दाखवला, तो अर्धाच ठेवून पुन्हा इकडे आल्या. एका वेळी चार दुधांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईसारख्या. एकही दूध उतू जात नव्हतं. पण एकही नीट तापतही नव्हतं.

दुसरीच्या वर्गाच्या खिडकीशी शिवणताई थांबली. आत तिची लेक फळ्यापाशी उभी, हातात पट्टी. छोटी पोरं ओरडून उत्तरं देत होती. बघायला छान होतं. कालपर्यंत ती हे बघून अर्ध्या गावाला सांगत फिरली असती.

घंटा झाली. दुसरीला सुट्टी झाली आणि लेक बाहेर आली.

"तू कधीपासून आहेस गं इथं?"

"सकाळपासून. रोजच असते."

"मग तुझा वर्ग?"

"आमच्या वर्गाला आज कुणी नव्हतंच. मला येतं ना सगळं, म्हणून बाई मला इकडे पाठवतात."

"सगळं म्हणजे काय काय येतं तुला?"

"दुसरीचं सगळं येतं," लेक अभिमानानं म्हणाली.

शिवणताईनं मान वर केली तर समोर बाई. त्यांनी ऐकलं होतं. क्षणभर त्या काहीतरी बोलणार असं वाटलं. मग हातातला खडू दुसऱ्या हातात घेऊन त्या तिसरीत निघून गेल्या.

घरी परतताना ती नेहमीच्या रस्त्यानं न जाता लांबून गेली. मशीनला गप्प बसवायचं म्हणून तिनं एवढा खटाटोप केला. मशीन गप्प झालं. आता नाही म्हणायला तिचं तोंड मोकळं होतं, कुणाची टाप नव्हती बोट दाखवायची. आणि तोंड मोकळं झालं तेव्हा ते नाही म्हणेनाच. नाही म्हणायचं कारण म्हणजे बाई. बाईंवरची माया खरी होती. पण आपल्या मायेची किंमत लेकीनं दुसरीत बसून का द्यावी?

बैठक शाळेच्याच एका वर्गात झाली. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे आवळून बसली. संस्थेकडून एक तरुण मुलगी आली होती, अंगावर चापूनचोपून इस्त्री, बोलणं मऊ. प्रत्येक वर्गाला शिक्षक देऊ म्हणाली, विज्ञानाला दोन. प्रयोगशाळा देऊ. छप्पर दुरुस्त करू.

"आणि ही समिती?" काकांनी विचारलं.

"सल्लागार मंडळ असेल ना. वर्षातून एकदा बोलावू."

"वर्षश्राद्धाला बोलावतात तसं," काका पुटपुटले. मागं कुणीतरी खुसखुसलं.

शिवणताईनं हात वर केला. "एखादं पोर भर वर्षात आलं, कागद नाही, काही नाही. तर घ्याल?"

मुलीनं हातातल्या कागदांकडे बघितलं, मग ते बाजूला ठेवले. "तुमच्याशी खोटं बोलत नाही, ताई. जागा आणि कागद असले तर घेऊ. नसले तर नाही घेता येणार."

शिवणताईला ती मुलगी आवडली. म्हणून तर जास्त वाईट वाटलं. खोटं बोलली असती तर सोपं होतं.

"चला, हात वर करा," काका म्हणाले. "आधी विरोधातले."

काकांचा हात, त्यामागे आणखी दोन. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिचे हात मांडीवर होते. ज्या दारानं आपण आत आलो, त्या दाराला आपल्याच हातानं कडी घालायची होती. आणि आत लेक होती, ती मोठी व्हायची थांबणार नव्हती.

"अगं, झोपलीस का?" काकांनी डोळे वटारले.



"बाजूचे," काका नाइलाजानं म्हणाले.

तिनं हात वर केला. शिवणीची माणसं हात कोपरातून उचलतात, तसा अर्धाच. मग तिला वाटलं, करायचंच तर नीट करावं, आणि तिनं तो पुरता वर नेला.

बाई कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तिचं नाव त्यांनी सावकाश लिहिलं, पूर्ण आणि खरं.

बाहेर आल्यावर काकांनी तिला गाठलं. "काय दिलं गं त्यांनी तुला?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही, काका."

आठवडाभरात गावानं ठरवून टाकलं की संस्थेनं शिवणताईला मुख्य कचेरीत नोकरी कबूल केलीय. कुणी म्हणालं, दुकान बांधून देणार. नवऱ्याला ही बातमी बसमध्येच कळली, तीही पगाराच्या आकड्यासकट.

"म्हणजे बघ," तो रात्री म्हणाला, "गणवेश गेला, समिती गेली, बाई जाणार, आणि वर तुला विकत घेतलं म्हणतात. फार स्वस्तात गेलीस गं!"

ती हसता हसता रडायला लागली. तो उठला आणि न सांगता भांडी घासायला बसला. दोन बशांचे टवके उडवले, पण सगळी घासली.

बाईंच्या बदलीचा हुकूम महिन्याभरात आला. डोंगरावरचं गाव, वर्षाचे आठ महिने थंडी. शाळेत निरोपाचं काही झालं नाही, बाईंनीच नको म्हटलं. शिवणताई रोज ठरवायची, आज जाऊन भेटू. रोज एखादा पडदा आडवा यायचा.

मग एका संध्याकाळी बाईच दुकानात आल्या. काखेत कापडाचं गाठोडं. करड्या रंगाचं जाड लोकरी कापड, जुनं, पण पोत मजबूत.

"कोट शिवतेस का गं? आईचं कापड आहे, कितीतरी वर्षं पडून होतं. तिकडे लागेल म्हणतात."

"शिवते की."

"येतो ना?"

"अस्तराचा एकच शिवलाय आजवर. पण येतो."

बाई दुकानाच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. शिवणताईनं गळ्यातली टेप काढली. इतक्या वर्षांत तिनं शाळेतल्या प्रत्येक पोराचं माप घेतलं होतं, बाईंना हात लावायची वेळ कधी आली नव्हती. तिनं खांद्यावर टेप ठेवली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, रोज वह्यांची पिशवी वाहून उतरलेला. पाठीची हाडं टेपखाली हाताला लागत होती.

"बाह्या थोड्या लांब ठेव," बाई म्हणाल्या. "हात आत घेता येतात."

"ठेवते."

ती छातीचं माप घ्यायला समोर आली. आता तोंडासमोर तोंड होतं, नजर चुकवायला जागा नव्हती. तिला म्हणायचं होतं, बाई, मी त्या दिवशी. पण पुढचं वाक्य तिला जुळेना.

"ती दुसरीत बसायची ते मला आवडायचं नाही," बाईच हळू म्हणाल्या. "पण दुसरं कोण होतं माझ्याकडे?"

एवढंच बोलून त्या तपासणीला उभ्या केलेल्या पोरासारख्या ताठ राहिल्या. डोळे समोर, हनुवटी वर. टेपच्या वेढ्यात काहीच हलेना.

शिवणताईनं टेपची दोन टोकं धरून ठेवली आणि वाट बघितली.

"बाई, श्वास सोडा," ती म्हणाली. "असा रोखून धरलात तर कोट घट्ट होईल."