मोठ्या आवाजातले गोपनीय अहवाल

जळगावातल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात रुपचंदभाऊ अधीक्षक होते आणि एका बोटाने टाइप करत. बाकीची बोटं तेवढा वेळ विश्रांती घेत. डिसेंबर आला की कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल त्यांनीच लिहायचे. आणि नेमकी त्याच दिवसांत असोद्याला थोरल्या बहिणीच्या, मंजुळाअक्काच्या मळ्यात वांग्याच्या भरताची पार्टी असे. भाऊ दरवर्षी अहवालांत अडकत. भरीत दुसऱ्या दिवशी डब्यातून येई, आणि डब्यातलं भरीत म्हणजे फोनवर पाहिलेलं लग्न.

यंदा अक्काने सकाळीच फोन केला. "रुपा, आज दिवस बुडायच्या आत आला नाही ना, तं तुह्या वाटचं भरीत म्हशीले घालीन."

अक्का धमकी देत नसे, पूर्वसूचना देत असे.

लेखा विभागातल्या दिपमालाने भाऊंचा चेहरा पाहिला. "भाऊ, बोटानं कशाला लिहिता? तोंडानं लिहा." तिने त्यांच्या संगणकात बोललेलं टाइप करणारं ॲड-ऑन टाकलं, माइक जोडला, आणि 'पूर्णविराम' म्हटलं की टिंब पडतं हेही शिकवलं.

भाऊंनी घसा साफ केला. हळू बोलून पाहिलं, तर पडदा ढिम्म. मग त्यांनी आपला खरा आवाज काढला, पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारायचा, आणि अक्षरं धावत सुटली. केबिनची भिंत मात्र प्लायवूडची होती, आणि तीही छतापर्यंत जाता जाता मध्येच विचार बदललेली.

"शिपाई भिकन कार्यालयात उशिरा येतात पूर्णविराम!"

"मी कुठं उशिरा येतो भाऊ? गाडी उशिरा येते!" पलीकडून भिकन. "तेबी लिहा!"

लिहायची गरज नव्हती. यंत्राने तेही लिहून टाकलं होतं.

भाऊंनी खोडलं, पुन्हा सांगितलं. "अन् छत गळलं तेव्हा कपाटं कोणी हलवली?" आता दिपमाला. तेही उमटलं. दुपार झाली, अहवाल अजून पहिलाच, आणि त्यात पलीकडच्या सगळ्यांचे जबाब.

इतकी वर्षं भाऊ प्रत्येकाच्या नावापुढे 'कामात दिरंगाई' टाइप करत आले होते. बोटाला भीड नसते. पण माणूस भिंतीपलीकडे आपल्याचसाठी चहा गाळत असताना त्याच्याबद्दल तेच ओरडायला जीभ रेटेना. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. डोळ्यांसमोर म्हैस आली.

"भिकन यांनी गळत्या छताखालून कपाटं एकट्याने हलवली, म्हणून आपल्या सर्वांची सेवापुस्तकं आज कोरडी आहेत पूर्णविराम."

पलीकडे एकदम शांत. मग कुणीतरी हळूच टाळी वाजवली.

खरं आणि बरं बोललं की कुणी मध्ये बोलत नाही, हा शोध भाऊंना नोकरीच्या उतारावर लागला. अहवाल भराभर उतरू लागले. पलीकडे लोक खुर्च्या ओढून बसले.

"दिपमाला यांचं काम चोख. फक्त फोनवर बोलताना..."

"भाऊ!"

"...आवाज गोड पूर्णविराम!"

उन्हं कलली तेव्हा सचिव नेमीचंदशेठ सहीला आले. त्यांनी गठ्ठा चाळला. "रुपचंदजी, मागच्या साली सगळे आळशी, यंदा सगळे उत्तम. मध्ये झालं काय?"

"शेठजी, यंत्र बदललं."

आता एकच अहवाल उरला होता, भाऊंचा स्वतःचा. तो शेठजींनी लिहायचा आणि त्याशिवाय कुणी उठायचं नाही असा नियम. शेठजींनी भाऊंना बाहेर काढलं, गोपनीयतेसाठी दार लावलं आणि माइकपुढे बसले. भाऊ आपल्याच प्लायवूडला कान लावून उभे राहिले.

"रुपचंद, अधीक्षक," शेठजींचा आवाज आला. "कामात..."

शेठजी अडखळले. अख्खं कार्यालय भाऊंच्या शेजारी प्लायवूडला येऊन चिकटलं.

"शेठजी, लवकर करा!" भिकनला राहवेना. "असोद्याला अक्काचं भरीत निवतंय. भाऊंनी आजवर एकदाबी गरम खाल्लं नाही, तुमच्या या अहवालापायी!"

आत पडद्यावर ते सगळं उमटलं असणार, कारण शेठजींनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग खाकरले. "कामात गर्क. इतके, की बहिणीच्या हातचं गरम भरीत त्यांना माहीत नाही पूर्णविराम. त्यांना ताबडतोब सोडण्यात यावं. सोबत इच्छुक कर्मचाऱ्यांनाही पूर्णविराम."

इच्छुक नसलेला कर्मचारी त्या कार्यालयात कधीच नव्हता.

सूर्य केळीच्या बागेवर टेकला असताना शेठजींची गाडी आणि मागून मोटारसायकली मळ्यात शिरल्या. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी फुटत होती. अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एकाले बोलावलं, तं बठ्ठं हाफिस आणलं का रे?" म्हणाली, आणि जाळात आणखी टोपलीभर वांगी टाकली.

वांगं न खाणाऱ्या शेठजींनी दही-भाकरी मागून घेतली. भाऊंनी पहिला घास घेतला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी फुंकर काही मारली नाही.

परात पुसून लख्ख झाली. गोठ्यातून म्हैस मान लांबवून रिकाम्या परातीकडे बघत होती. तिला सकाळी कुणी काही कबूल केलं होतं की काय, कोण जाणे.