ट्यूबलाइटखालची चार झाडं

माझा थोरला भाऊ आनंदा याला जबड्याचा कॅन्सर झाला तो तंबाखूने. वीस वर्षं त्याने सुरतेत माग चालवले आणि वीस वर्षं गालात गोळी ठेवली. ती नसली तर बारा तासांची पाळी उभ्याने निघत नाही, असं आम्ही सगळे म्हणायचो. मीही म्हणायचो. आता माझ्या गालात काही नसतं, एवढंच काय ते शहाणपण मला या सगळ्यातून आलं.

सत्त्याण्णव सालच्या गणपतीत डॉक्टरांनी हात टेकले. घरी न्या, काय खाईल ते खाऊ द्या, म्हणाले. खाणार कशाने? तोंड बोटभर उघडत होतं. दुखण्याच्या गोळ्यांनी पहिल्या महिन्यातच काम सोडलं. त्याहून जोरकस औषध असतं, पण ते मिळवायला इतके कागद आणि इतके शिक्के लागत होते की मी तीन खेपा मारल्या आणि नाद सोडला.

दादा ओरडायचा नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या एका खोलीत तो भिंतीला टेकून बसायचा, कारण आडवं झालं की दुखणं दुप्पट व्हायचं. अशा बसूनच त्याने रात्री काढल्या. बरं होण्याची गोष्ट त्याने सोडून दिली होती. "माले एक रात झोप जोयजे रे भो," एवढंच म्हणायचा. "मंग काय व्हयी ते व्हवो."

एक रात्र झोप. माणूस याहून कमी काय मागणार?

मग मला पांडुरंग आप्पा आठवले. सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव, तिथले हे म्हातारे. तरुणपणी तुरीच्या ओळींत गांजा लावायचे, त्यापायी दोन महिने आतही जाऊन आलेले. आमचा आजा शेवटी असाच तळमळत होता तेव्हा आप्पांनी त्याला गांजाचा तुरा दुधात उकळून दिला होता आणि आजा झोपला होता. मी गावी जाऊन त्यांचे पाय धरले. बाजारातलं मी आधी आणून पाहिलं होतं. सुरतेतच पर्वत पाटियाजवळ एकाने पुडी दिली, तिच्यात काय मिसळलं होतं देव जाणे. दादाने तसल्या तोंडाने दिवसभर ओकाऱ्या काढल्या.

आप्पांनी कागदात चिमूटभर बी बांधून दिलं. "पान नको, तुरा येऊ दे," म्हणाले. "आन थंडीमा जप."

तेलाच्या डब्यांना भोकं पाडून कुसुम वहिनीने खोलीवरच्या धाब्यावर सात रोपं उगवली. शेजारणीने विचारलं तर झेंडूची आहेत म्हणून सांगायची. पानं साधारण तशीच कातरलेली, त्यामुळे खपून गेलं. दोन नर निघाले, त्यांना तुरा धरत नाही म्हणून ते उपटले. दिवाळीनंतर उरलेल्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या केसांसारखे तंतू दिसायला लागले, म्हणजे तुरा धरायला लागला. वहिनीने एक डबा उचलून खाली आणला आणि दादापुढे धरला. त्याने बोटाने शेंडा चाचपला आणि हसला, जबडा हाताने धरून. गणपतीनंतर तो पहिल्यांदा हसत होता.

आणि मग थंडी पडली. सुरतेची थंडी ती काय, लोक स्वेटर घालून आइस्क्रीम खायला निघतात. पण त्या डिसेंबरात वारा उत्तरेचा होता. पानं जांभळी पडली. वहिनी संध्याकाळी त्यांच्यावर कापडाचे तुकडे पांघरायची, तरी एक झाड दोन दिवसांत काळं पडून मेलं. माझा जीव टांगणीला लागला. आप्पांनी जे थंडीत जपायला बजावलं होतं, तेच हातचं जात होतं.

तेव्हा मला अक्कल सुचली. मी ज्या खात्यात कामाला होतो, म्हणजे आमची मागांची शेड, तिथे थंडी कधी शिरतच नाही. अठ्ठेचाळीस मागांच्या मोटरी, वर पत्रा, खिडक्या बंद. जानेवारीतही आम्ही बनियनवर असतो. वर ट्यूबलाइटच्या रांगा, दिवसपाळी संपली की रातपाळी, दिवा म्हणून विझत नाही. मागवाल्या माणसाला लाइट म्हणजे जीव. लाइट गेली की माग बंद आणि आमचे चेहरे उतरलेले. अशा माणसाला वाटणार काय? ऊब आहे, उजेड आहे, झाडाला आणखी काय हवं? मी चारही डबे सायकलवरून नेले आणि बॉबिनच्या कपाटामागे, नेमके ट्यूबलाइटखाली ठेवले.

आमचा मुकादम सुरतीच होता. त्याने डबे पाहिले. "आ शुं छे?"

"गलगोटा," मी म्हणालो. गलगोटा म्हणजे झेंडू.

त्यानंतर तो येता-जाता चिडवायचा. "भटू, फूल क्यारे आवशे?"

मी म्हणायचो, येईल, येईल.

झाडं अशी माजली की काय सांगू. महिन्यात कमरेएवढी झाली. जांभळा रंग गेला, पानं काळीशार हिरवी झाली. शेंड्यांवरचे ते पांढरे तंतू मात्र वाळून गेले आणि त्यांच्या जागी पुन्हा पानंच फुटली, तीही विचित्र, न कातरलेली, एकेरी. मला वाटलं, आधी अंग धरतंय, मग फुलेल. रोज सकाळी पाळीवरून आलो की दादा डोळ्यांनीच विचारायचा. मी म्हणायचो, वाढतंय. असं करत संक्रांत गेली. वहिनीने तिळाचा एक दाणा त्याच्या ओठांना लावला आणि काढून घेतला.

फेब्रुवारीत आप्पा सुरतेतच गोडादऱ्याला लग्नाला आले. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात खात्यात नेलं. म्हाताऱ्याने झाडं पाहिली, एक शेंडा चुरून हुंगला, मग मान वर करून ट्यूबलाइट पाहिल्या.

"ही लाइट कव्हय बंद व्हस?"

"कधीच नाही, आप्पा," मी म्हणालो. सांगताना मला अभिमानच वाटत होता. "दोन्ही पाळ्या चालतात."

"मंग याले रात कोठे शे?"

मला कळलं नाही. आप्पा खाली बसले आणि माग खडखडत होते म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून बोलले. या झाडाला हिवाळ्याची लांब, काळोखी रात्र लागते. रात्र मिळाली की ते फुलतं. उजेड मिटलाच नाही तर त्याला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ते नुसतं पानं काढत बसतं. "थंडीमा एखादं मरस," म्हणाले. "बाकीना फुलतस."

म्हणजे मी ती धाब्यावरच राहू दिली असती, तर संक्रांतीच्या आत तुरा हातात आला असता. मी विचारलं, आता अंधारात नेली तर? दीड-दोन महिने लागतील, म्हणाले. दादाकडे दोन महिने नव्हते, हे त्यांनी सकाळी घरी येऊन पाहिलं होतं. पानांनी भागेल का, म्हणून मी विचारलं.

"पानमा थोडं ऱ्हास. त्या दुखनाले पुरनार नही."

त्या संध्याकाळी मी ओंजळभर पानं खुडून आणली, वाटली, दुधात उकळली, वर तूप सोडलं. वहिनीने चमच्याने थेंब थेंब पाजलं. मी म्हणालो, "दादा, तुरा आला." सख्ख्या भावाच्या तोंडाला मी पानं पुसली, अगदी खरोखरीची.

त्याने माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने तो भिंतीपासून सरकला, आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. कित्येक महिन्यांत मी त्याला आडवं पाहिलं नव्हतं. श्वास सारखा चालला होता. सकाळी परत आलो तेव्हाही तसाच आडवा. माझी चाहूल लागताच डोळे उघडून म्हणाला, "झोप लागनी रे भो."

अकरा दिवस असंच चाललं. झाडं मी ओरबाडून बोडकी केली. आप्पांना काय कळतंय, असंही मनात येऊन गेलं. मला खूप आनंद झाला होता, खोटं का सांगू? बाराव्या दिवशी दुपारी दादा गेला. निदान झोपून तरी गेला, असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा वहिनीने मला थांबवलं. बांगड्या फोडलेल्या मनगटावरून तिने पदर बाजूला केला. तिथे बोटांचे हिरवे-काळे वळ होते, एकावर एक.

"भाऊ, तुमना दादा एक रात बी झोपेल नव्हतात," ती म्हणाली. "तुम्ही गयात का उठी बसेत, माना हात धरीसन. सकाळी तुमना चपलासना आवाज उना का परत आडा पडेत. भटूले सांगू नको म्हनेत. भटूनी भलती मेहनत करेल शे."

आडवं झाल्यावर त्याला सगळ्यात जास्त दुखतं, हे मला माहीत होतं. आणि त्या अकराही दिवशी मी पाळीला उशीर करून अर्धा-अर्धा तास त्याच्या उशाशी बसत होतो, त्याची झोप बघत.