तिसऱ्या मजल्यावरची बाई

मास्तरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा चढवला. काही फरक पडला नाही. समोरच्या चौकटीत लाल, पिवळे, निळे डागच डाग होते, एकात एक मिसळलेले.

डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना होत आला होता. नजर हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. घरातलं सगळं ओळखीचं, त्यामुळे निभावून जात होतं. वर्तमानपत्र मात्र ते “नंतर बघतो” म्हणून बाजूला सरकवत. आणि आज लेकीने त्यांना आणि त्यांच्या बायकोला, दोघांनाही आग्रहाने चित्रसंग्रहालयात आणलं होतं. जुन्या चित्रांवरचा मळ काढून ती मूळ रूपात आणणं हे तिचं काम. उत्सवाच्या दिवशी सजलेल्या शहरातल्या रस्त्याचं हे तैलचित्र वर्षभर तिच्या हाताखाली होतं. आजच ते भिंतीवर लागलं होतं.

“कसं वाटतंय, बाबा?”

“वा! झकास.” मास्तरांनी नाक चित्राला टेकेल इतकं पुढे नेलं. “गर्दी काय जिवंत आहे!”

“अहो, कुठाय गर्दी?” त्यांची बायको म्हणाली. “मला तर कुणीतरी रंगाचे डबे लवंडल्यासारखं दिसतंय.”

लेक खळखळून हसली. “आई, इतक्या जवळून तसंच दिसणार. हे लांबून बघायचं चित्र आहे.”

“म्हणजे तुलाही तसंच दिसतं?” मास्तरांनी विचारलं.

“सगळ्यांनाच दिसतं.”

मागे सरत सरत मास्तर बाकापर्यंत आले आणि मटकन बसले. मग त्यांनी मान वर केली.

डाग होते तिथेच होते, पण त्यांचा रस्ता झाला होता. गच्चीगच्चीवर झेंडे फडकत होते. खाली टोप्या, छत्र्या, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. वर्गात नकाशा समजावताना उचलत तसं बोट उचलून ते बोलायला लागले ते थांबेनातच.

“सगळी माणसं डावीकडे चाललीत बघ. मिरवणूक तिकडे असणार. त्या बाईला मात्र उत्सवाचं काही सोयरसुतक नाही.”

“कुठली बाई?” लेकीचा आवाज एकदम बारीक झाला.

“ती काय, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत. करड्या कपड्यांतली. खाली वाकून कुणाला तरी शोधतेय. घरचं माणूस यायचं असेल, उशीर झाला असेल.” ते जरा थांबले. “आत्ताच दिसलंय वाटतं तिला. हात बघ, कठड्यावरून उचललाय.”

लेक त्यांच्याशेजारी येऊन बसली.

“तिच्याबद्दल मी तुम्हाला आधी काही बोलले होते का?”

“नाही बुवा. का गं?”

“मळ काढताना ती त्याखालून वर आली. आमचे साहेब म्हणाले, बाई कसली, डाग आहे, रंग देऊन झाकून टाक. मी हट्टाने ठेवली. पण तेव्हापासून माझी मलाच खात्री वाटेना.”

“डाग?” मास्तर उखडले. “डाग कुणाची वाट बघतो होय?”

लेकीने कितीतरी वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

“सरका जरा दोघं,” आई म्हणाली. “मला नीट बसून बघू दे तिला.”