पापणीआडचे लाल ठिपके

मी एक जुने भिंग आहे. माझी पितळी कडी काळवंडली आहे आणि काठाला एक टवका उडाला आहे. सध्या मी रहस्यकथा लिहिणाऱ्या एका गृहस्थांच्या टेबलावर असते. कागद उडू नयेत म्हणून ते मला वर ठेवतात. कधी मला हातात घेऊन म्हणतात, "किती खून पकडले असतील गं बाई तू!" मित्रांनो, पकडलेले मला फारसे आठवत नाहीत. न झालेला एक खून मात्र माझा पिच्छा सोडत नाही.

मी काचेचा तुकडा होते तेव्हा एका कारागिराने मला ओल्या वाळूवर तीन आठवडे घासले. मग एका डॉक्टरांनी मला विकत घेतले. माणूस कशाने मेला हे शोधणे, हे त्यांचे काम. रुग्णालयाच्या तळमजल्यावर त्यांची खोली होती. तिथे एक मोठी खिडकी होती आणि ते दिवसाच्या उजेडातच काम करत.

त्यांचा एक नियम होता. पायांपासून सुरुवात करायची, चेहरा शेवटी. ते म्हणत, "चेहरा आधी पाहिला की आपण गोष्ट रचायला लागतो."

खोलीत एक मावशी होत्या. मृतांना धुणे-पुसणे त्यांच्याकडे होते. डॉक्टर मला तीनतीनदा पुसताना पाहून त्या म्हणत, "साहेब, बायकोचा चष्मा तरी असा पुसता का कधी?"

माझे कौतुकही खूप झाले. कोर्टात डॉक्टरांनी मला उंच धरून दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रात 'भिंगवाले डॉक्टर' असे छापून आले. मला निळ्या अस्तराची डबी मिळाली. डॉक्टर थोडे ताठ चालू लागले. खरे सांगायचे तर मीही फुगले होते.

एका सकाळी एका शिंप्याची बायको आली. अंथरुणातच गेली होती. बाहेर बाकावर तो शिंपी बसला होता, शेजारी त्यांची पंधरा वर्षांची मुलगी. बाईचा भाऊ मात्र दारातच डॉक्टरांना गाठून सांगू लागला, "साहेब, यानंच उशी दाबली. रोज भांडायचा माझ्या बहिणीशी."

गोष्ट कानात शिरली होती. त्या दिवशी डॉक्टर पायांकडे गेले नाहीत. त्यांनी सरळ खालची पापणी उलटी केली आणि मला जवळ आणले. माझ्यातून ठिपके दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे, लाल. श्वास कोंडला की डोक्याकडचे रक्त तुंबते, बारीक शिरा फुटतात आणि असे ठिपके उठतात.

"गुदमरून गेलीये," डॉक्टर म्हणाले. दारात हवालदार उभा होता. तो वळला आणि बाहेर गेला.

मावशी पायांशी उभ्या होत्या. "साहेब, हे बघता का जरा? चपलेच्या पट्ट्याचा वळ केवढा रुतलाय. पाय नुसते भोपळे झालेत."

डॉक्टरांनी घोट्याजवळ बोट दाबले. खड्डा पडला, तो भरेना. मग ते बाहेर जाऊन शिंप्याला विचारून आले. बाई दोन महिने तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत होती. आडवे झाले की खोकल्याची उबळ येई. पुढे तपासणीत हृदय फुगलेले निघाले आणि फुफ्फुसांत पाणी. ओठांच्या आत दातांची खूण नव्हती, मानेवर काही नव्हते. नुसत्या उशीने दाबले तर कधीकधी काहीच खूण राहत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण इथे मरणाचे कारण समोर पडले होते. थकलेले हृदय आणि तो खोकला, तेवढ्यानेही असे ठिपके उठतात.

त्यांनी अहवालात तसे लिहिले. शिंपी सुटला.

मावशी बाहेरून बादली घेऊन आल्या. म्हणाल्या, "हवालदारानं बाहेर सांगितलं तशी ती पोर बापाच्या शेजारून उठून मामाकडे जाऊन बसली, साहेब. तुम्ही जाऊन सांगा तिला."

"कागद जाईल ना," डॉक्टर म्हणाले.

कागद गेला. मामाने मुलीला सांगितले, "ओळख लावून अहवाल फिरवलाय." ती बापाच्या घरी परत गेलीच नाही.

नऊ वर्षांनी शिंपी आमच्याच टेबलावर आला. मशीनवर बसलेलाच गेला होता, घरात एकटा. डॉक्टरांनी पायांपासून सुरुवात केली. त्याच्या डोळ्यांशी पोहोचले तेव्हा त्यांनी मला पुन्हा एकदा पुसले आणि मग पापणी उलटली.

दोन वर्षांनी मावशींनी सांगितले, शिंप्याची पोर वरच्या मजल्यावर बाळंत झाली आहे. डॉक्टर मला खिशात घालून जिना चढले. इतकी वर्षे मी तो जिना कधी चढले नव्हते. वर कोणीतरी रडत होते, आणि ते कोणी गेल्याचे रडणे नव्हते.

डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला आणि मला दिले. "पापणी खाली ओढून बघ, बाळ."

तिने पाहिले. "हे लाल कसलं?"

"कुणी तोंड दाबलं होतं का तुझं?"

"नाही हो. कळा देताना श्वास कोंडला."

"तुझ्या आईच्या डोळ्यांत हेच होतं. खोकून खोकून आलेलं. मी घाईत चुकीचं बोललो. तुझ्या वडिलांनी काही केलं नव्हतं."

तिने माझ्यातून दुसरी पापणीही ओढून पाहिली. मग म्हणाली, "बाबांचे डोळे तुम्हीच पाहिलेत ना?"

"हो."

"त्यांत होतं काही?"

"काही नव्हतं. स्वच्छ होते."

तिने मला पांघरुणावर ठेवले आणि भिंतीकडे तोंड वळवले. बाळ रडत होते, पण तिने वळून पाहिले नाही.

मित्रांनो, तुम्ही पुढे रहस्यकथा लिहाल, त्यात कोणाच्या डोळ्यांत लाल ठिपके घालाल. घाला. पण आधी त्याचे पायही बघा. माझ्यासारख्या भिंगातून छोटी गोष्ट मोठी दिसते, आणि शेजारची दिसतच नाही. आणि तोंडून चुकीचा शब्द गेलाच, तर कागद पाठवू नका. त्याच दिवशी चपला घाला आणि स्वतः जा. बाहेरचा बाक आमच्या खोलीपासून अकरा पावलांवर होता.