बाईंची लेक

रेक्टरबाईंची लेक त्यांच्याच वसतिगृहात राहायची, पण आईच्या खोलीत नाही. वरच्या मजल्यावर, चाळीस मुलींच्या हॉलमध्ये. नवरा गेल्यावर बाईंनी ही नोकरी धरली, तेव्हाच स्वतःला बजावलं होतं, पोरीचे लाड करते असं म्हणायला कुणाला जागा ठेवायची नाही. त्यामुळे भाजी वाढताना लेकीचा नंबर शेवटी, आणि चारचौघींत तीही आईला 'बाई'च म्हणायची.

सातवीत असताना एका शनिवारी ती ऑफिसच्या दारात कान धरून उभी राहिली.

"बाई, कान फार दुखतोय."

त्याच सकाळी पोटदुखीची कुरकुर करणाऱ्या दोघींना बाईंनी पिटाळून लावलं होतं. त्या अजून जिन्यातच रेंगाळत होत्या, कान टवकारून.

"डॉक्टर सोमवारी येतात. तेव्हा सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहा," बाई मान वर न करता म्हणाल्या.

रविवारी लेक जेवायला आली नाही. बाई जिन्यापर्यंत गेल्या, पण एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. सोमवारी सकाळी तिच्या उशीच्या अभ्र्यावर पू होता, रक्तही होतं.

"पडदा फाटलाय," डॉक्टर म्हणाले. "मला आधी का नाही कळवलंत?"

बाई उशीचा अभ्रा काढायला लागल्या.

"मीच कुणाला सांगितलं नव्हतं," लेक म्हणाली.

औषधं झाली, मोठं इस्पितळ झालं, ऑपरेशनही झालं. डावा कान गेला तो गेलाच.

ती परत आली त्या दिवशी बाईंनी स्वतःच्या खोलीत दुसरी कॉट टाकून घेतली, धुतलेली चादर अंथरली आणि तिला बोलावलं.

"आजपासून इथंच झोपत जा, माझ्याजवळ. लोकांना काय म्हणायचंय ते म्हणू देत."

लेकीनं चादरीवरून हात फिरवला.

"नको गं आई. वर सवय झालीय मला. माझ्या शेजारचीनं कॉटसुद्धा बदलून घेतलीय, उजव्या बाजूनं बोलता यावं म्हणून."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना निदान समजूत तरी काढता आली असती.

जेवणाची घंटा झाली. लेक बाहेर पडून पोरींच्या गलक्यात मिसळली. बाईंनी मागून हाक मारली, तिला ती ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा हाक मारायचा त्यांना धीर झाला नाही.