भिंतीवर टांगलेल्या मगाची कैफियत

मी एक जुना इनॅमलचा मग आहे, मित्रांनो, आणि माझी कोणी हेळसांड केली अशी माझी मुळीच तक्रार नाही. माझ्या जातीची भांडी स्वतःची कहाणी सांगायला बसली की अडगळीत टाकलं, भंगारात घातलं असं रडगाणं गातात. माझं उलट झालं. माझं फार कौतुक झालं. त्यातून मी सुटलो, आणि सुटलो म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

काही लोक मला टमरेल म्हणतात. हा शब्द आपल्या भाषेने कुठल्या कामासाठी राखून ठेवला आहे ते मला ठाऊक आहे. तेवढं एक काम मी केलेलं नाही. बाकी सगळी केली आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती साच्यात दाबून मला वाटोळा केला, कान जोडला, पांढऱ्या रंगाच्या लगद्यात बुचकळून भट्टीत घातला आणि ओठाला निळी कड दिली. या कडेवर एके ठिकाणी फुगवटा राहिला म्हणून तपासनिसाने मला बाजूला काढलं. दुकानात ठेवायला नालायक ठरलेला माल लष्करात गेला. माणसांचंही असंच होतं का, ते मी सांगू शकत नाही. माझा मालक आठवीत दोनदा नापास झाला होता एवढंच मला माहीत आहे.

मालक पलटणीत ट्रक चालवायचा. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत, आणि मीही तेच म्हणतो. आमची पलटण परदेशी गेली. तिथे दोन शेजारी देशांचं भांडण होतं आणि मध्ये उभं राहायला कोणीतरी तिसरं हवं होतं. आम्ही ते तिसरे. डोंगर, बर्फ, वारा आणि मध्ये आमच्या बराकी. माझी जागा ड्रायव्हरच्या सीटमागच्या खिळ्यावर. सकाळी माझ्यात दाढीचं पाणी, मग चहा, दुपारी सूप, कधी इंजिनाचं ऑइल, संध्याकाळी मिळालीच तर जर्दाळूची दारू. मध्ये विसळत असत, पण मनापासून नाही.

आता तिथल्या खाण्यापिण्याबद्दल. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं.

तिथला पाव काळा होता आणि तो कापायला आमच्या आचाऱ्याने करवत ठेवली होती. बकरीचं चीज उघडलं की दारावरचा पहारेकरी दोन पावलं लांब जाऊन उभा राहायचा. जर्दाळूच्या दारूत जर्दाळू कुठे होता हे कळलं नाही. माझं आतलं इनॅमल मात्र तिने एका जागी उडवलं. चहाचं पाणी ज्या टाकीतून यायचं तिच्यात आधी डिझेल भरत. दुधाची पावडर गुठळ्यांची. रस्ते बंद झाले आणि साखर संपली, तेव्हा आचाऱ्याने चहात मीठ घालायला सुरुवात केली. म्हणाला, "बिनचवीचा पिण्यापेक्षा काहीतरी चव असलेली बरी." सगळ्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि चहा पिऊन टाकला.

पुढे पलटण परत आली. ड्रायव्हरचं लग्न झालं. त्याच्या बायकोने मला पाहिलं, नाक मुरडलं, तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं आणि पिठाच्या डब्यात टाकलं. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. रोज डबा उघडायचा, मी पीठ भरून वर यायचो, परातीत रिकामा व्हायचो. माझं कौतुक कोणी केलं नाही. मी नसलो की मात्र घर डोक्यावर घेत, "मग कुठे मेला?" इतकं प्रेम मला पुढे कोणीच दिलं नाही.

मग ती गेली. ड्रायव्हर स्टुलावरून पडला, तेव्हापासून त्याचं बाहेर जाणं बंद झालं. आणि मुलाला एक दिवस डब्यात मी सापडलो.

मुलगा शिकलेला आहे. त्याने मला धुतलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "हे तर अँटिक आहे!" आठवडाभरात सागवानी फळी आली. माझ्या बुडाला ड्रिलने दोन भोकं पाडली, त्यांतून दोन स्क्रू पिळले आणि मला फळीवर आडवा ठोकला, तोंड खोलीकडे करून. खाली पितळी पट्टीवर 'शौर्याची साक्ष' अशी अक्षरं. दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या वर माझी स्थापना झाली. शौर्य कशाला म्हणतात ते मला माहीत नाही. साक्ष मात्र देता आली असती, कारण तोंड कायमचं उघडं होतं. पण विचारतो कोण?

माझ्या खाली सोफ्यावर ड्रायव्हर बसवलेला असे. मीठ बंद, साखर बंद, जिना बंद. सून वाईट नव्हती. औषधं वेळेवर, शाल वेळेवर. पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग त्याला. रविवारी सकाळी फडकं घेऊन ती मला पुसायची आणि खाली वाकून त्याच्या हनुवटीवरचं दूधही त्याच हाताने टिपायची. फडकं बदलायची, एवढं सांगितलं पाहिजे.

पलटण परतल्यापासून दर रविवारी दुपारी तिच्यातले दोघं यायचे. एक वायरलेस, म्हणजे संदेश पाठवणारा, आणि दुसरा तो आचारी. आणि मग सुरू व्हायचं.

"तो काळा पाव रे!" वायरलेस डोळे मिटायचा. "तोंडात टाकला की विरघळायचा."

"लोणी लागायचंच नाही," ड्रायव्हर म्हणायचा.

"आणि चीज! वासानेच भूक लागायची."

आचारी सुरुवातीला गप्प असायचा. पण आपल्याच हातच्या जेवणाची स्तुती किती वेळ ऐकून घेणार माणूस? वर्षभरात तोही सांगू लागला की तसला चहा पुन्हा प्यायला मिळाला नाही. हे मात्र खरं होतं. मी आधी डब्यातून आणि मग वरून सगळं ऐकत होतो. दर रविवारी पाव आणखी मऊ होत गेला, दारूत जर्दाळू वाढत गेले. मग वायरलेस वारला, आणि आता तर काही इलाजच उरला नाही. गेलेल्या माणसाला खोटं कसं पाडणार?

त्या रविवारी आचारी त्याच्या मुलीला घेऊन आला. ही एकुलती एक. आईविना वाढलेली, नोकरीसाठी परदेशी गेलेली. नुकतीच सुट्टीवर आली होती आणि बापाला कायमचं बरोबर घेऊन जाणार होती. खोली सोडून झाली होती, भांडीकुंडी वाटून झाली होती, तिकिटं आली होती.

"काका, माहीत आहे का कुठे नेतेय बाबांना?" तिने ड्रायव्हरला विचारलं. "तिथेच! तुमच्या त्याच डोंगरात. कंपनीने मला दोन जागा दिल्या होत्या. एक समुद्रकाठी होती. पण लहानपणापासून काळा पाव, चीज ऐकत आले ना. म्हटलं, बाबांचे म्हातारपणीचे दिवस तिथे जाऊ देत."

ड्रायव्हरने आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

मुलगी सुनेबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि आचाऱ्याने ड्रायव्हरचा हात धरला.

"मेलो रे, लेका."

"सांग ना तिला खरं!"

"काय सांगू? तीस वर्षं तुझा बाप थापा मारत होता म्हणून? पोरीने समुद्र सोडला माझ्यासाठी. दर आठवड्याला फोनवर विचारतो, काळा पाव खाल्लास का? तर म्हणते, हो बाबा, अमृत आहे. आता अमृताला नावं ठेवू?"

"मग जा."

"दात कुठे आहेत जायला?" आचाऱ्याने तोंड उघडून दाखवलं. "आणि ती थंडी. तिथली खोली, ही दिवसभर कामावर, मी खिडकीत. भाषा येत नाही. तुझ्यासारखा सोफ्यावर बसून राहीन."

तो बोलून गेला आणि चपापला.  ड्रायव्हर उठला. औषधांच्या ट्रेमधली छोटी सुरी घेतली, सोफ्यावर पाय देऊन चढला आणि माझ्या तोंडात हात घातला.

मित्रांनो, इतकी वर्षं त्या हातांनी फक्त गोळ्या उचलल्या होत्या. पण बोटं ट्रकवाल्याची. पहिला स्क्रू चार पिळांत आला. दुसरा गंजला होता.

"अप्पा!" सून दारात ओरडली. "खाली उतरा आधी! पडाल! आणि ते अँटिक आहे, हे काय म्हणतील?"

"त्याला म्हणावं, साक्षीदाराला कोर्टात बोलावलंय," ड्रायव्हर म्हणाला आणि दुसरा स्क्रू निघाला.

मी त्याच्या हातात पडलो. भिंतीवर फळी राहिली, तिच्यात दोन भोकं, माझ्यात दोन भोकं.

ड्रायव्हर मला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला. त्याला तिथे जायची बंदी होती, पण दोन बायकांना त्याच्यासमोर उभं राहायचं सुचलं नाही. त्याने पाणी उकळलं, चहाची भुकटी वाजवीपेक्षा जास्त टाकली, नातवाच्या डब्यातली दुधाची पावडर न ढवळता ओतली. मग मिठाचा डबा पुढे ओढला, एक भरलेला चमचा घातला आणि सगळं माझ्यात ओतलं.

"डिझेल नाहीये घरात," तो मुलीला म्हणाला. "तेवढं मनाने समज. ये, पी. तुझ्या बापाच्या हातचा चहा असा होता. पावाला आम्ही करवत लावायचो. चीजच्या वासाने पहारेकरी पळायचा. आम्ही तिघांनी मिळून तुला फसवलंय. एक मेला, दोन उरलेत. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण याला तिकडे नेऊ नकोस."

बुडाच्या भोकांवर त्याने दोन बोटं दाबली होती. ती भाजत होती. तरी चहा ठिबकत होता आणि सुनेने खाली ताटली धरली होती. इनॅमलचं असं असतं, की ओठ भाजतात आणि आतला चहा तोवर निवलेला असतो. मुलीने मला दोन्ही हातांनी धरलं, एक घोट घेतला, गिळला. आचारी दाराला टेकून उभा होता. शिक्षा ऐकायला उभा असावा तसा.

"आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अगदी असाच मिळतो," ती म्हणाली. "मीठसुद्धा असतं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."



"बाबा, मला तो पाव चावत नाही. चीज मी एकदाच आणलं, तर घरमालकीण गटार तुंबलं का बघायला आली. पण तुम्ही फोनवर इतक्या आनंदाने विचारायचात! मी काय सांगायचं होतं? तुमचं सगळं तरुणपण मला आवडलं नाही म्हणून?"

"अगं, मग समुद्राकडे जा ना!" आचारी म्हणाला.

"करार झालाय. दोन वर्षं हलता येत नाही." तिने मला ओट्यावर ठेवलं. "तुम्ही राहा इथे. मी खोलीचं काहीतरी बघते."

"खोली कशाला?" ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. "माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. हो ना गं, सूनबाई?"

सूनबाईने मान डोलावली. ड्रायव्हरचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. कोठडीत सोबती मिळालेल्या माणसाचा चेहरा तसा असतो.

आचारी मात्र मुलीकडेच पाहत होता. "तू जेवतेस काय तिकडे?"

"पाव."

"आणि?"

"आणि पाव."

"वरण-भात?"

"बाबा, सहाला घरी येते. अंगात जीव नसतो."

आचाऱ्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाला, "ताई, मसाल्याचा डबा दाखवा जरा. काय काय न्यायचं ते ठरवायला पाहिजे. आणि चाळणी द्या एक जास्तीची, तिकडची चाळणी म्हणजे नुसती थट्टा." मग ड्रायव्हरकडे वळला. "मी जातो रे. इतकी वर्षं शंभर टोळभैरवांना जेवू घातलं तिथे. माझी पोर पाव चावत बसली आणि मी इथे सोफा उबवत बसलो, तर वायरलेस वरून संदेश पाठवेल."

ड्रायव्हर बराच वेळ आपली भाजलेली बोटं नळाखाली धरून उभा होता. मग त्याने मला विसळलं, सदऱ्याला पुसलं आणि आचाऱ्याच्या पिशवीत घातलं.

"घेऊन जा याला. इथे भिंतीवर मरतोय."

"बुडाला भोकं आहेत लेका."

"असू देत. त्या चहातला निम्मा गळून गेला तर बरंच होईल."

दोघं हसले. आचारी आधी थांबला. ड्रायव्हर जरा जास्त वेळ हसत राहिला, मग सुनेने त्याला दंडाला धरून सोफ्यावर नेऊन बसवलं आणि शाल दिली.

मित्रांनो, सध्या मी बॅगेत आहे. माझ्यात हळदीची पुडी कोंबली आहे, भोवती लोकरी बनियन गुंडाळलं आहे आणि वर कुलूप लागलं आहे. ज्या देशाच्या दारूने माझं आतलं इनॅमल उडवलं, तिकडेच मी निघालो आहे. याला सुटका म्हणतात का? पण हळद ठेवायच्या कामी तरी आलो. शौर्यापेक्षा हे बरं.

एकच विनंती. तुमच्या घरीही काहीतरी जुनं भिंतीवर किंवा काचेच्या कपाटात असेल. ते खाली काढा, वापरा, टवका उडाला तर उडू द्या. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आणि त्याच्या खाली सोफ्यावर कुणी बसलेलं असेल, तर आमच्या आधी त्याला उठवा. स्वयंपाकघरात न्या आणि चहा करायला सांगा. मीठ घातलं तरी प्या.